कॅमेरा चालू होत नाही म्हणजे तो मेला असं नाही

या वेळी आलेले जवळजवळ सगळे प्रश्न एकाच जातीचे आहेत. कपाटात, ड्रॉवरमध्ये, कुणाच्या तरी जुन्या सामानात २००३ ते २०१२ च्या आसपासचा खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा सापडलाय आणि आता तो चालवायचाय. साहजिक आहे, २०१० या एका वर्षात जगभरात १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे बाजारात गेले आणि त्यातले बहुतेक हेच छोटे कॉम्पॅक्ट, मग ते कुठेतरी पडून असणारच. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक पत्रांना कात्री लावलीय, राग मानू नका.

प्रश्न : दादा, वडिलांचा जुना कॅमेरा मिळाला, दोन पेन्सिल सेलवर चालतो. नवे कोरे सेल टाकले तरी लेन्स बाहेर येते, स्क्रीन लागते आणि लगेच "बॅटरी संपली" दाखवून बंद. सर्किट गेलं असेल का?

सर्किटवर एवढ्यात जाऊ नका, आधी सेलकडे बघा. साधा अल्कलाइन सेल नवा असताना १.५ व्होल्ट दाखवतो हे खरं, पण कॅमेरा लेन्स बाहेर ढकलतो, स्क्रीन लावतो, फ्लॅश चार्ज करतो तेव्हा एकदम भरपूर करंट ओढतो आणि त्या झटक्यात सेलचं व्होल्टेज खाली बसतं, कॅमेऱ्याला वाटतं सेल रिकामा आहे आणि तो बंद होतो. तेच सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात टाका, महिनोन्महिने चालतील. या कॅमेऱ्यांना रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल लागतात. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं बघून लोक नाक मुरडतात पण लोड आला तरी ते तेवढ्यावर टिकून राहतात, खरी गंमत तिथेच आहे. त्यातही २००५ पासून मिळायला लागलेले, ठेवल्याठेवल्या फारसे उतरत नाहीत असे लो सेल्फ डिस्चार्जवाले घ्या. दोन्ही सेल एकाच कंपनीचे, एकाच वेळी चार्ज केलेले हवेत, एक नवा एक जुना असलं काही करू नका.

एक धोका सांगून ठेवतो. अगदी पेन्सिल सेलच्याच मापाचे ३.७ व्होल्टचे लिथियम आयन सेल मिळतात, त्यांना १४५०० म्हणतात. ते यात घालायचे नाहीत. ३ व्होल्टच्या जागी ७ च्या वर जातील आणि मग मात्र तुमचं "सर्किट गेलं का" खरं होईल.

सेल बदलूनही तेच होत असेल तर सेल ज्यांना टेकतात ते आतले धातूचे पत्रे बघा. पांढरी किंवा हिरवट पावडर दिसली तर कधीतरी सेल गळलाय. ती पावडर क्षारयुक्त असते, हाताला डोळ्याला लावू नका. इअरबडला जरासं व्हिनेगर लावून पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. आणि बॅटरीचं झाकण! सेलच्या स्प्रिंगा आतून सतत रेटत असतात, त्यामुळे झाकणाची ती इवलीशी प्लॅस्टिकची कडी तुटते हे या मॉडेल्सचं ठरलेलं दुखणं. वरून झाकण बंद वाटतं पण पत्रा टेकत नाही. अंगठ्याने झाकण घट्ट दाबून धरा आणि कॅमेरा चालू करून बघा, चालला तर रोग तिथेच आहे, जाड रबर बँड लावला तरी काम होतं. दिसायला बरं नाही दिसत, पण फोटो छान येतात.

प्रश्न : माझ्या कॅमेऱ्याची चपटी बॅटरी खाचेतून निघतच नाहीये, आत फुगल्यासारखी वाटतेय. पिनने उचकटू का?

नको! फुगलेल्या लिथियम बॅटरीला टोकदार काहीही लावायचं नाही, भोक पडलं तर पेट घेते. कॅमेरा उलटा धरून झाकणाच्या बाजूने हातावर हलके आपटा, लॉकची छोटी कडी बाजूला धरून ठेवा, तेवढ्यात आली तर ठीक. नाहीतर रिपेअरवाल्याकडून मागची बॉडी उघडून काढून घ्या. निघाल्यावर ती चार्ज करायची नाही, "अजून थोडी चालेल" हा विचारसुद्धा नाही, ई-कचऱ्यात द्यायची. या बॅटऱ्यांच्या कॉपी अजून मिळतात, बॅटरीवरचा एनबी-४एल किंवा एनपी-बीएन१ सारखा नंबर अक्षर न अक्षर जुळवून घ्या.

प्रश्न : कॅमेरा मस्त चालू झाला पण कार्ड घातलं की "कार्ड एरर". कार्ड ६४ जीबीचं, एकदम नवीन, फोनमध्ये चालतंय. स्लॉट खराब आहे का?

स्लॉट बहुतेक चांगला आहे, कार्डच त्याच्यापेक्षा वयाने लहान आहे. एसडी कार्ड बाहेरून सगळी सारखीच दिसतात म्हणून हा घोळ होतो. जुनं साधं एसडी २ जीबीपर्यंत, मग २००६ मध्ये एसडीएचसी आलं ते ३२ जीबीपर्यंत, २००९ मध्ये एसडीएक्ससी आलं ते त्याच्या वर. नवीन कॅमेरा जुनं कार्ड वाचतो पण जुना कॅमेरा नवीन कार्ड वाचत नाही. कॅमेरा २००६ च्या आधीचा असेल तर २ जीबी किंवा कमीचंच कार्ड शोधा. अॅडॉप्टरमध्ये २ जीबीचं मायक्रो एसडी घातलं तरी बहुतेक ठिकाणी चालतं, जुन्या फोनमध्ये ती कार्डं पडलेली असतात. २ जीबी ऐकून नाराज होऊ नका, ७ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ३ एमबीचा धरला तर सहाशेच्या वर फोटो मावतात, एवढे काढून तर दाखवा.

कार्ड मिळालं की फॉरमॅट कॅमेऱ्यातच करायचं, कॉम्प्युटरवर नाही, म्हणजे फाइल सिस्टिम आणि फोल्डर कॅमेऱ्याला हवे तसे बनतात. आणि कॉम्प्युटरवर फोटोचं नाव बदलून परत कार्डावर टाकलं तर कॅमेरा तो फोटो दाखवत नाही, तो फोटो उडालेला नसतो, कॅमेऱ्याला फक्त स्वतःच्या पद्धतीचीच नावं कळतात. कार्डाच्या बाजूची लॉकची पट्टी सैल झाली तर आत सरकवताना आपोआप लॉक होते आणि "कार्ड प्रोटेक्टेड" येतं, तिथे पातळ टेपचा तुकडा पुरतो.

ज्यांचा कॅमेरा ऑलिंपस किंवा फुजीफिल्मचा आहे आणि कार्ड चपटं, चौकोनी, वेगळंच दिसतंय त्यांच्यासाठी : ते एक्सडी कार्ड, २००२ मध्ये आलं, जास्तीत जास्त २ जीबीचं निघालं आणि आता बनत नाही. ५१२ एमबीच्या वरची जी आहेत ती वेगळ्या प्रकारची आहेत, सुरुवातीच्या कॅमेऱ्यांना ती चालतीलच असं नाही. कॅमेऱ्यासोबत आलेलं कार्ड जिवापाड जपा, कारण असा कॅमेरा सापडतो पण कार्ड सापडत नाही. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डवाल्यांनी कार्ड ढकलायच्या आधी टॉर्च मारून आतल्या पिना सरळ आहेत का बघा, एक पिन वाकली की पुढची कटकट मोठी असते.

प्रश्न : सर, चालू करताना लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकते, कर्रर्र आवाज येतो आणि "लेन्स एरर, रीस्टार्ट कॅमेरा". दुकानात सांगितलं फेकून द्या. खरंच काही होत नाही का?

सगळ्यात जास्त पत्रं याचीच आहेत. कुठे हा मेसेज लिहून येतो, काही जुन्या कॅननमध्ये नुसतं ई१८ यायचं, दुखणं तेच. आत काय होतं बघा, मोटर प्लॅस्टिकच्या छोट्या गिअरमधून लेन्सच्या नळ्या फिरवत बाहेर ढकलते आणि नळी ठरलेल्या जागी पोचली की एक सेन्सर प्रोसेसरला कळवतो. ठरलेल्या वेळात ती खबर आली नाही की कॅमेरा म्हणतो एरर. म्हणजे अडथळा चार ठिकाणी असू शकतो : मोटरला पुरेशी पॉवर नाही, नळ्यांच्या फटीत वाळू किंवा कचरा, कॅमेरा पडून नळी खाचेतून सरकलीय, किंवा गिअरचा दात / आतली रिबन केबल (पट्टीसारखी चपटी वायर) तुटलीय. पहिल्या तिघांवर घरी उपाय होतो, चौथ्यावर नाही.

आधी बॅटरी फुल चार्ज करा, हसू नका, अर्ध्या बॅटरीवर लेन्स अडकलेले कॅमेरे मी कितीतरी बघितलेत. मग लेन्स पुढे न येता फोटो बघायच्या बटणाने कॅमेरा चालू होतो का बघा. झाला, जुने फोटो दिसले, तर मेन बोर्ड ठणठणीत आहे आणि सगळा त्रास लेन्सपुरताच आहे. आता कॅमेऱ्याचं तोंड खाली करा, रबरी ब्लोअरने नळ्यांच्या फटीत चारी बाजूंनी हवा मारा, कागदाची पातळ पट्टी फटीतून हलकेच फिरवा, वाळूचा एखादा कण असेल तर खरखर जाणवते. तोंड खालीच ठेवून चालू-बंद करा. दाबून भरलेल्या हवेच्या फवाऱ्याचा डबा वापरू नका, त्यातून कधी कधी गारेगार द्रव उडतो आणि हवेचा जोर इतका असतो की फटीतला कचरा आत फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसतो. तेल तर अजिबात नको, डब्ल्यूडी-४० (गंजलेले स्क्रू सोडवायचा स्प्रे) तर त्याहून नको. गिअर सुटायच्या ऐवजी तेल पसरत शटरच्या पात्यांवर जातं, ती एकमेकांना चिकटतात आणि एकाचे दोन रोग होतात.

कॅमेरा पडला होता का? मग समोरून नीट बघा, नळीभोवतीची फट सगळीकडे सारखी आहे की एका बाजूला आत दबलीय. दबलेली असेल तर कॅमेरा बंद ठेवून वर आलेल्या बाजूवर अंगठ्याने हलका, अगदी हलका दाब द्या, कधी कधी टक् असा आवाज येऊन नळी खाचेत बसते. मोटर फिरत असताना मात्र लेन्स हाताने ओढायची किंवा दाबायची नाही, ते गिअर खेळण्यातल्यासारखे असतात, दात लगेच जातो. इंटरनेटवर टेबलावर आपटायचे व्हिडिओ आहेत, त्यातला चाललेला एकच आपल्याला दाखवतात, बाकीच्यांचं काय झालं ते कोण दाखवणार.

एवढं करूनही नाही झालं तर लेन्सचा अख्खा ब्लॉक बदलावा लागतो आणि पुष्कळ मॉडेल्समध्ये फोटो टिपणारा सेन्सर त्याच ब्लॉकच्या पाठीवर असतो. नवा पार्ट कंपनीकडून मिळेल ही आशा सोडा. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेऱ्यांचा धंदाच सोडला, कोडॅकने २०१२ मध्ये डिजिटल कॅमेरे बंद केले, कॅसिओने २०१८ मध्ये कॉम्पॅक्ट बंद केले. आता एकच रस्ता, त्याच मॉडेलचा दुसरा बंद पडलेला कॅमेरा घ्यायचा, ज्याची स्क्रीन फुटलीय पण लेन्स चांगली आहे, आणि दोघांचा मिळून एक करायचा. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत तोच हवा, "त्याच सीरीजचा आहे" याला काही अर्थ नसतो.

प्रश्न : माझ्या कॅमेऱ्यात सगळं जांभळट आणि आडव्या रेघांचं दिसतं. आणि माझ्या भावाच्या कॅमेऱ्यात उन्हातले फोटो पांढरे फटक येतात, घरात मात्र बरे. दोघांना एकच आजार आहे का?

नाही हो, वेगवेगळे आहेत. तुमचा आधी. कार्डावरचे जुने फोटो स्क्रीनवर नीट दिसतायत ना? मग स्क्रीन चांगली आहे आणि संशय सेन्सरवर जातो. २००५ मध्ये सोनीने मान्य केलं होतं की त्यांच्या काही सीसीडी सेन्सरमध्ये (सीसीडी म्हणजे त्या काळातल्या कॅमेऱ्यांतला उजेड टिपणाऱ्या चिपचा एक प्रकार) दोष आहे, उष्ण आणि दमट हवेत राहिले की आतल्या बारीक वायरींचा जोड सुटतो. ते सेन्सर दुसऱ्या बऱ्याच कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही बसवलेले होते, त्यामुळे त्या काळातल्या पुष्कळ मॉडेल्सना रेघा, जांभळी झाक किंवा पूर्ण काळं चित्र हा रोग झाला. तेव्हा कंपन्यांनी फुकट दुरुस्त करून दिले, ती मुदत कधीच गेली. घरगुती उपाय नाही, सेन्सर बदलणे एवढंच.

भावाच्या कॅमेऱ्यात शटरची पाती उघडी अडकलीयत. खात्री करायची तर उन्हात दोन-चार सेकंद व्हिडिओ काढायला सांगा. व्हिडिओत पात्यांचं काम नसतं, तिथे एक्स्पोजर, म्हणजे उजेड किती घ्यायचा ते, सेन्सरवरच इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सांभाळलं जातं, त्यामुळे व्हिडिओ नीट आणि फोटो पांढरा आला म्हणजे पाती बंदच होत नाहीयेत. याच्या उलट केस पण असते, मेन्यू दिसतोय, चित्र मात्र काळं ठार, व्हिडिओसुद्धा काळा. तिथे चालू असताना समोरून लेन्समध्ये टॉर्च मारून बघा, आत काळा पडदा दिसला तर पाती बंद अडकलीयत. बराच काळ न वापरल्याने पाती चिकटलेली असतील तर पंचवीस-तीस वेळा फोटो काढत राहिल्यावर कधी कधी सुटतात, करून बघायला काही जात नाही.

प्रश्न : स्क्रीनवर दिव्यासमोर धरलं की वरपासून खालपर्यंत उभी पांढरी-गुलाबी रेघ येते.

हा बिघाड नाही, सीसीडीचा स्वभाव आहे. प्रखर दिवा किंवा सूर्य फ्रेममध्ये आला की चार्ज उभ्या ओळीत ओसंडतो. फोटो घेताना पाती बंद होतात म्हणून फोटोत बहुतेक ती येत नाही, व्हिडिओत येते.

प्रश्न : दर वेळी चालू केला की तारीख विचारतो. वैताग आलाय.

तारीख लक्षात ठेवणारा आतला छोटा सेल उतरलाय. बऱ्याच मॉडेल्समध्ये तो रिचार्ज होणारा असतो, मेन बॅटरी फुल करून कॅमेऱ्यात एक दिवस तशीच राहू द्या, मग तारीख सेट करा. काही मॉडेल्समध्ये बॅटरीच्या झाकणाजवळ सीआर१२२० सारख्या बटण सेलसाठी छोटा कप्पा असतो, तो दोन मिनिटांत बदलता येतो. दोन्ही नसेल तर बोर्डवर सोल्डर केलेला आहे, त्यापेक्षा तारखेचा स्क्रीन कॅन्सल करून फोटो काढायला लागा, कॅमेऱ्याचं काही अडत नाही.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी आहे, स्वतः उघडायचा विचार आहे. काय काळजी घेऊ?

फ्लॅशचा कपॅसिटर! बाकी सगळं नंतर. कॅमेरा ३ व्होल्टचा असला तरी फ्लॅशसाठी आत ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज साठवलेला असतो, आणि बॅटरी काढल्यावरही तो बराच काळ, कधी कधी दिवसचे दिवस राहतो. मी बघितलेल्या हौशी लोकांना झटका बसलाय तो याच एका जागी, तोही कॅमेरा "बंद" असताना. बॉडी निघाली की फ्लॅशजवळचं ते काळं दंडगोल शोधा, त्याच्या टोकांना हात लावायच्या आधी एक-दोन किलो ओमचा, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींनी काही सेकंद टेकवून डिस्चार्ज करा आणि मीटरने मोजून खात्री करा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करायची मर्दुमकी नको, ठिणगी उडते आणि जवळचे पार्ट जातात. मीटर वापरता येत नसेल अशा कुणीही कॅमेरा उघडू नये हे मी स्पष्ट सांगतो, मग पत्र कितीही गोड लिहिलेलं असो.

पुढचं सोपं आहे. स्क्रू सगळे सारखे दिसतात पण लांबी वेगळी असते, लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर बोर्डात घुसतो, म्हणून कागदावर कॅमेऱ्याचं चित्र काढा आणि डबल टेपने प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटवा. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो घ्या. रिबन केबल ओढून काढायची नसते, कनेक्टरचं बारीक लॉक नखाने वर करायचं, मग ती आपोआप सुटते.

प्रश्न : जुन्या सीसीडी कॅमेऱ्याचे रंग आजच्या फोनला येत नाहीत म्हणतात. खरं का? आणि चांगले फोटो येण्यासाठी सेटिंग काय ठेवू?

रंग सीसीडीमुळे येतात हे मला पटत नाही. रंग ठरतो तो सेन्सरवरच्या कलर फिल्टरने, लेन्सने आणि मुख्य म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या प्रोसेसिंगने. तुम्हाला जे आवडतंय ना ते म्हणजे समोरून मारलेला फ्लॅश, लगेच जळणारे उजेडाचे भाग, गडद सावल्या आणि फोनसारखं दहा फोटो जोडून चेहरा गुळगुळीत न करणं. आवडायला काही हरकत नाही, मलाही आवडतं. पण त्यासाठी ठरावीक मॉडेलच्या मागे धावायची गरज नाही, घरात सापडला तो वापरा.

सेटिंगचं म्हणाल तर आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) ऑटोवर सोडू नका, ८० किंवा १०० ला बांधून टाका, ४०० च्या पुढे या छोट्या सेन्सरचे फोटो दाणेदार होतात. उन्हात एक्स्पोजर उणे एक तृतीयांश करा म्हणजे आभाळ पांढरं होत नाही. डिजिटल झूम मेन्यूत जाऊन बंदच करा. फ्लॅश साधारण ३ मीटरपर्यंतच पोचतो, लांबच्या स्टेजवर मारून उपयोग नाही. बटण आधी अर्धं दाबा, हिरवा चौकोन आला की पूर्ण दाबा, हे जुने कॅमेरे फोकसला वेळ घेतात आणि लोक घाईने एकदम दाबून "हलतो हा कॅमेरा" म्हणतात. फुलाचं चिन्ह म्हणजे मॅक्रो, ते झूम न करता वापरा, झूम केलं की जवळचं फोकस होत नाही. ज्यांच्याकडे कॅननचा पॉवरशॉट आहे त्यांनी सीएचडीके बघा, कार्डावरून चालणारं फुकट सॉफ्टवेअर आहे, कॅमेऱ्यातलं मूळ सॉफ्टवेअर (फर्मवेअर) न बदलता कितीतरी मॉडेल्सवर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रोसेस न केलेले, फोटो काढून देतं.

प्रश्न : कॅमेऱ्यातल्या जुन्या कार्डावर घरातले फोटो होते, ते कुणीतरी चुकून डिलीट केलेत. मिळतील का? कॅमेऱ्याची केबल पण नाही.

मिळायची चांगली शक्यता आहे, फक्त आत्ता लगेच ते कार्ड बाहेर काढा आणि त्यावर नवा एकही फोटो काढू नका. डिलीट केल्यावर फोटोचा डेटा लगेच जात नाही, ती जागा मोकळी आहे एवढीच नोंद होते, त्यावर नवीन काही लिहिलं गेलं की मात्र तो कायमचा गेला. केबल शोधत बसू नका, काहींना मिनी यूएसबी लागते तर काहींना कंपनीची स्वतःचीच, आणि डिलीट झालेले फोटो काढायला तशीही कार्ड रीडरच बरा पडतो. कार्ड रीडरमध्ये घाला, लॉकची पट्टी असेल तर लॉक करा, आणि फोटोरेक हे फुकट सॉफ्टवेअर चालवा, दिसायला काळ्या स्क्रीनचं रुक्ष आहे पण काम चोख करतं. सापडलेले फोटो त्याच कार्डावर सेव्ह करायचे नाहीत, कॉम्प्युटरच्या डिस्कवर करा. नावं आणि फोल्डर परत मिळणार नाहीत पण फोटो काढल्याची तारीख फोटोच्या आतच असते, तिच्यावरून लावून घेता येतात (कॅमेऱ्याची तारीख तेव्हा बरोबर असेल तर). कॉम्प्युटर "हे कार्ड फॉरमॅट करायचं का" विचारेल, तिथे नाही म्हणा. फोटो दोन ठिकाणी कॉपी करून, उघडून बघून झाले की मगच कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करा.